श्वासाची मजुरी कोण मोजणार?

दमा हा शब्द मराठी घरांना नवा नाही. घरातील आजोबांचा दमा, थंडीत वाढणारा दमा, धुळीने उसळणारा दमा, पिढीजात चालत आलेला दमा असे त्याचे अनेक प्रकार प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीचे असतात. परंतु याच दम्याचे एक रूप असे आहे की, जे घराण्यातून येत नाही, हवामानातून येत नाही, तर थेट कामाच्या जागेतून येते आणि कामगाराच्या डब्याबरोबर रोज घरी पोहोचते. धातूच्या क्षारांची, धुराची वा बारीक कणांची शरीराला ॲलर्जी होऊन जडणारा हा व्यावसायिक दमा आहे. त्याची ओळख वैद्यकशास्त्राला शंभरहून अधिक वर्षांपासून आहे. आपल्या समाजाला मात्र ती अजून झालेली नाही, आणि हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून सामाजिक न्यायाचाही आहे.

जळगाव शहराच्या हद्दीत सामावलेले पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र गाव. आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे त्याचे नाव खान्देशभर पोहोचले. रथाचा दोर ओढणारे हात सर्वांना दिसतात. चाकाला मोगरी लावून त्या अवजड रथाला दिशा देणारे हात त्या मानाने कमी दिसतात. उद्योगाच्या रथाचेही तसेच आहे. जळगाव म्हणजे केळी, डाळ, पाईप, चटई आणि सोने, ही ओळख सर्वांना पाठ आहे. या ओळखीला आधार देणारी जी लहान लहान वेल्डिंगची दुकाने, ग्रील आणि रेलिंग करणाऱ्या शाळा, बफिंग-पॉलिशची ठिकाणे, प्लेटिंगच्या टाक्या आणि सोनारांच्या खोल्या शहरांच्या कडेकडेने पसरलेल्या असतात, त्यांतील माणसांच्या छातीत काय चालले आहे, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.

रविवारी बरे, सोमवारी पुन्हा

या रोगाची चाल समजून घेतली पाहिजे, कारण ती फसवी आहे. विशी-बाविशीतील धडधाकट तरुण वेल्डिंगच्या कामाला लागतो. पहिले सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे काहीही होत नाही. मग एके दिवशी शिंका, नाक वाहणे, डोळ्यांना खाज सुरू होते. पुढे संध्याकाळी खोकला, रात्री छातीत घरघर, पहाटे दम लागणे. रविवारी वा सणाच्या सुट्टीत प्रकृती सुधारते. काम सुरू झाले की पुन्हा तेच. घरचे म्हणतात थंडी बाधली. शेजारी म्हणतात बिडी सोड. दवाखान्यात कधी क्षयाची शंका घेतली जाते, कधी खोकल्याचे औषध दिले जाते, कधी तोंडात ओढण्याचा पंप हाती येतो. औषधाने दोन दिवस बरे वाटते आणि रुग्ण पुन्हा त्याच धुरात उभा राहतो.

शरीरात घडते ते असे. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, प्लॅटिनम यांसारख्या काही धातूंचे अतिसूक्ष्म अंश श्वासातून आत जातात आणि शरीरातील प्रथिनांना चिकटतात. प्रतिकारशक्ती त्या जोडीला परका शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध शस्त्रे तयार करू लागते. ही तयारी पूर्ण व्हायला महिने लागतात. म्हणूनच सुरुवातीचा काळ निर्धोक वाटतो. एकदा तयारी झाली की, पूर्वी ज्या मात्रेने काहीच होत नव्हते, तिच्या शंभराव्या अंशानेही श्वासनलिका आवळू शकतात. 'हळूहळू सवय होते' ही कारखान्यांतून सर्रास ऐकू येणारी समजूत येथे अगदी उलटी ठरते. शरीराला सवय होत नाही. शरीर दर दिवशी अधिक चिडते.

वेल्डरांना जस्ताच्या धुराने येणारा ताप हा याहून वेगळा आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वा पाईप जोडला की संध्याकाळी कणकण, थंडी, अंगदुखी होते, तोंडाला धातूची चव येते आणि दुसऱ्या दिवशी सारे उतरते. आठवडाभर काम केले की त्रास कमी होतो आणि सुट्टीनंतर पुन्हा उद्भवतो. या तापाच्या अनुभवावरूनच 'धुराची सवय होते' हा ग्रह कामगारांत पसरला असावा. ताप उतरतो, दमा मात्र मुक्कामाला येतो. दोहोंतला फरक न कळल्याने अनेकांची मोलाची वर्षे वाया जातात.

शंभर वर्षांपूर्वीचे धडे

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला जे प्रश्न विचारण्याची परंपरा होती, त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असा त्यांचा आग्रह होता. तो प्रश्न म्हणजे, 'तुझा व्यवसाय कोणता?' तीनशे वर्षे उलटली, तरी घाईगर्दीच्या दवाखान्यांतून हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो आणि विचारलाच तर केसपेपरवर 'मजुरी' एवढे एकच उत्तर लिहिले जाते.

१९११ साली शिकागो शहरातील छायाचित्रणाच्या कामगारांत प्लॅटिनमच्या क्षारामुळे श्वसनाचा त्रास होत असल्याची नोंद झाली. त्या काळी छायाचित्राच्या कागदावर हा क्षार वापरीत असत. १९३२ साली क्रोमियमच्या संवेदनशीलतेतून दमा होतो, हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. १९४५ साली हंटर, मिल्टन आणि पेरी या तिघांनी ब्रिटनमधील प्लॅटिनम शुद्धीकरणाच्या चार कारखान्यांची पाहणी केली. प्लॅटिनमच्या क्षारांशी संबंध येणाऱ्या ९१ कामगारांपैकी ५२ जणांना शिंका, घरघर, दम लागणे अशी लक्षणे आढळली. त्यांतील मार्मिक गोष्ट अशी की, ज्यांचा संबंध केवळ शुद्ध धातूशी येत होता, त्यांना हा त्रास नव्हता. दोष धातूच्या नावात नव्हता. तो प्रक्रियेच्या एका विशिष्ट टप्प्यात, एका विशिष्ट क्षारात होता. १९७३ साली निकेलमुळे होणाऱ्या दम्याची नोंद झाली. पुढे १९८० च्या दशकात बेल्जियममध्ये हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांत कोबाल्टमुळे होणारे फुप्फुसाचे विकार आढळले. तेथे पैलू पाडण्यासाठी कोबाल्टच्या भुकटीत हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्या वापरल्या जात होत्या. जुन्या पद्धतीच्या बिडाच्या चकतीत कोबाल्ट नसतो. नवे साधन आले आणि त्याबरोबर नवा रोगही आला. सुरतेच्या कारखान्यांत पोट भरायला गेलेल्या खान्देशी कुटुंबांनी हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हाती येणाऱ्या प्रत्येक नव्या हत्याराबरोबर ते कशाचे बनले आहे, हे विचारण्याचा अधिकारही कारागिराच्या हाती आला पाहिजे.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हा रोग अटळ नाही. रोगाचे कारण प्रक्रियेत असेल, तर प्रक्रिया बदलता येते. प्लॅटिनमच्या उद्योगात बंदिस्त यंत्रणा आली, कामगारांच्या त्वचेवर ठरावीक अंतराने चाचणी होऊ लागली आणि संवेदनशील झालेल्या माणसाला वेळीच त्या कामातून हलवले जाऊ लागले. धूम्रपान करणाऱ्यांत ही संवेदनशीलता अधिक प्रमाणात निर्माण होते, हेही त्या अभ्यासांतून पुढे आले. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. संपर्क सुटल्यानंतरही साधारण एकतृतीयांश रुग्णच पूर्ण बरे होतात, असे निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसते. लक्षणे सुरू झाल्यावर माणूस जितका काळ त्याच हवेत राहतो, तितकी बरे होण्याची आशा घटत जाते. म्हणजे येथे उशीर हाच खरा अपराध आहे.

चकाकणारे कठडे, सोन्याचे सांधे

मध्यमवर्गीय घरांच्या जिन्यांना आणि गॅलऱ्यांना आता स्टेनलेस स्टीलचे कठडे असतात. ते गंजत नाहीत, रंग द्यावा लागत नाही, सणासुदीला पुसले की चकाकतात. उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हे मिश्रण घरात निर्धोक आहे. पण त्याच्यावर विजेच्या ठिणगीचा प्रचंड ताप पडतो, तेव्हा निघणाऱ्या धुरात क्रोमियमचे सर्वांत घातक रूप तयार होते. लेप असलेल्या साध्या काडीने केलेल्या वेल्डिंगमध्ये हे प्रमाण अधिक असते. ज्याला कारागीर 'आर्गन' म्हणतात त्या पद्धतीत धूर बराच कमी निघतो. नंतर ग्राइंडर आणि बफ फिरतो, तेव्हा त्याच धातूंची बारीक धूळ उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर मनुष्यास कर्करोगकारक असल्याचे ठरवले. तेव्हा प्रश्न दम्यापुरताही उरलेला नाही.

प्लेटिंगच्या टाकीची गोष्ट आणखी वेगळी. निकेल वा क्रोमियमच्या द्रावणातून वीज वाहते, तेव्हा बुडबुडे उठतात, फुटतात आणि द्रावणाचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, वासावरून त्यांची मात्रा कळत नाही. कामगार टाकीवर वाकून सुटे भाग सोडतो आणि काढतो, तेव्हा त्याचे नाक त्या तुषारांच्या अगदी वर असते.

सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात सोनारांच्या कारागिरीचा विचार टाळता येणार नाही. 'केडीएम' हा शब्द एकेकाळी शुद्ध दागिन्याची हमी म्हणून गृहिणींच्या तोंडी होता. केडीएम म्हणजे सांधा जोडण्यासाठी कॅडमियम मिसळलेले सोने. कॅडमियम सुमारे ७६७ अंश सेल्सिअसला उकळते आणि सोने १०६४ अंशांना वितळते. म्हणजे सांधा जुळत असताना कॅडमियमची वाफ होऊन ती उडून जाते. दागिन्यात भेसळ उरत नाही म्हणून ग्राहक खूश होतो. पण उडून गेलेले कॅडमियम जाते कोठे? ते फुंकणी हाती घेऊन शेगडीपाशी बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. कॅडमियमचा घाव ॲलर्जीचा नसून थेट विषाचा असतो. त्याने फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि ग्राहकाच्या सोन्याची शुद्धता छापील झाली. कारागिराच्या श्वासाची शुद्धता तपासणारा ठसा मात्र अजून निघालेला नाही.

प्रत्येक वेळी दोष धातूचाच असतो असेही नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत आणि विजेच्या उपकरणांत कथील जोडताना जो धूर निघतो, त्यात दमा निर्माण करणारा मुख्य घटक धातू नसून राळ असते. रंगाच्या फवारणीत तो आयसोसायनेट नावाचा रासायनिक घटक असतो. म्हणून 'धुरामुळे झाले' एवढ्यावर न थांबता कोणत्या धुरामुळे, हे शोधणे अगत्याचे आहे. उपाय त्या उत्तरावर अवलंबून आहे.

गूळ आणि रुमाल

धुळीच्या कामावर गूळ वाटण्याची चाल देशभर आहे. गूळ पौष्टिक आहे, श्रमानंतर तो जरूर खावा. परंतु गूळ अन्ननलिकेतून जातो आणि धूर श्वासनलिकेतून. एकाने दुसऱ्याची वाट स्वच्छ होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, वेल्डिंगच्या धुराचे कण त्याच्या विणीतून आरपार जातात. चेहऱ्यासमोरची काळी काच डोळे वाचवते, फुप्फुसे नव्हे. मालकाने सद्भावनेने दिलेला गूळ आणि कामगाराने सद्भावनेने बांधलेला रुमाल यांमुळे दोघांचेही समाधान होते आणि धोका जागच्या जागी राहतो. खोटी सुरक्षितता ही उघड असुरक्षिततेपेक्षा अधिक घातक असते.

कायद्याची यादी आणि तिच्यातील पोकळी

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती आणि तीच यादी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आली. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. या यादीत क्रोमियममुळे त्वचेवर होणारे व्रण आहेत, बेरिलियमची बाधा आहे, आयसोसायनेटची बाधा आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिसही आहे. परंतु धातूच्या ॲलर्जीतून होणारा दमा त्या यादीत स्वतःच्या नावाने नाही. क्रोमियमने हाताला व्रण झाला तर त्याची नोंद होणार. त्याच क्रोमियमने श्वास कोंडला तर त्याला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न डॉक्टरपुढे उभा राहणार. भरपाईच्या कायद्यातील अनुसूचीत कठीण धातूंमुळे होणाऱ्या श्वसनरोगांचा उल्लेख आहे, हे खरे. पण निदानच झाले नाही तर भरपाई मागणार कोण?

यादीतील रोग आणि प्रत्यक्षातील उद्योग यांचा मेळ चुकतो, याचे उदाहरण खान्देशाजवळच आहे. बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा रोग. जळगावची खान्देश मिल बंद पडली, अमळनेरची प्रताप मिलही बंद पडली. गिरणीचा भोंगा थांबला, तरी रोगाची यादी त्या काळातच उभी आहे. आणि गिरणी कामगाराचा नातू ज्या वेल्डिंगच्या दुकानात काम करतो, त्या दुकानातील दमा यादीबाहेर आहे.

त्यातही 'कारखाना' कोणाला म्हणावे, याचा प्रश्न आहे. नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी ४० कामगार असतील तर त्यास कारखाना म्हटले आहे. कर्मचारी राज्य विम्यासाठी सर्वसाधारणपणे १० कामगारांची अट आहे आणि वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. चार माणसांचे वेल्डिंगचे दुकान यांपैकी कोठे बसते? चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी, ही नव्या व्यवस्थेतील स्वागतार्ह बाब आहे. पण ॲलर्जीचा दमा बहुधा कामाच्या पहिल्या काही वर्षांतच डोके वर काढतो. बावीस वर्षांच्या मुलाला जडलेला रोग चाळिशीच्या तपासणीत सापडला, तर ती तपासणी न राहता पंचनामा होईल.

ब्रिटनने १९८२ साली सात घटकांमुळे होणारा व्यावसायिक दमा भरपाईस पात्र ठरवला, त्यात प्लॅटिनमच्या क्षारांचा समावेश होता. १९८९ पासून तेथील छातीरोगतज्ज्ञ असे रुग्ण स्वेच्छेने एका मध्यवर्ती नोंदवहीत कळवू लागले. कायद्याच्या दंडुक्याविना केवळ नोंदीच्या शिस्तीने कोणत्या धंद्यात दमा वाढतो आहे, हे देशाला कळू लागले. प्रौढ वयात सुरू होणाऱ्या दम्यापैकी सुमारे १६ टक्के दमा कामाच्या जागेमुळे असतो, असा अंदाज अमेरिका आणि युरोपच्या श्वसनरोग संघटनांनी २०१९ साली मांडला. ज्या देशांत नोंदी आहेत, त्या देशांचा हा अंदाज आहे. जेथे नोंदच नाही, तेथे रोग नाही असे मानण्याची सोय होते, इतकेच.

मालकाचा आक्षेप, कामगाराचे मौन

लहान मालकाचा आक्षेप समजून घेतला पाहिजे. त्याच्यावर बँकेचा हप्ता आहे, स्वस्त मालाची स्पर्धा आहे, ग्राहक दर फुटामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. बहुतेक ठिकाणी तो स्वतःही तीच काडी हाती धरून त्याच धुरात उभा असतो. अशा माणसाला शोषक ठरवून टाळ्या मिळतील, धूर मात्र कमी होणार नाही. त्याला हे सांगितले पाहिजे की, पहिले उपाय खर्चिक नाहीत. धुराच्या उगमापाशीच तो ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि नळी. काम करणाऱ्याचे डोके धुराच्या झोतात येणार नाही अशी बैठक. शक्य तेथे बंद खोलीऐवजी मोकळ्या जागेत जोडकाम. प्लेटिंगच्या टाकीवर झाकण वा तुषार दाबणारा थर. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओली पुसणे. आणि हे सारे झाल्यावर, शेवटचा उपाय म्हणून, चेहऱ्याला घट्ट बसणारा योग्य प्रतीचा मास्क. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे, हा क्रम विसरता कामा नये.

खरी अडचण खर्चाची नसून मौनाची आहे. कामगाराला स्वतःच्या छातीची घरघर ऐकू येत असते. पण ती बोलून दाखवली तर काम जाईल, हे त्याला माहीत असते. वेल्डिंगचे कौशल्य मिळवायला त्याने वर्षे घालवलेली असतात. दुसरे काम म्हणजे निम्म्या मजुरीची हमाली. म्हणून तो पंप खिशात लपवून कामावर जातो. लवकर निदान झाले तर माणूस वाचतो, आणि निदान झाले तर रोजगार जातो. या कात्रीत सापडलेला माणूस कुटुंबासाठी रोजगार निवडतो आणि श्वास गमावतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. ही कात्री मोडणे हे समाजाचे काम आहे. आजारी पडलेल्या कारागिराला त्याच मजुरीवर मोजमापाचे, जुळणीचे, नवशिक्यांना शिकवण्याचे काम देता येते. एका दुकानाला ते झेपणार नाही. पण वीस दुकानांच्या संघटनेला झेपेल. व्यापारी संघटना, लघुउद्योजकांच्या संस्था आणि कामगार संघटना यांनी मिळून असा सामाईक निधी उभारला, तर कामगाराला तोंड उघडण्याचे धैर्य येईल. मालक आणि कामगार हे एका कुटुंबाचे घटक आहेत, हा विचार व्यासपीठावरून अनेकदा मांडला जातो; त्याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

करण्यासारखे, आणि लगेच करण्यासारखे

डॉक्टरांनी प्रौढ वयात नव्याने दमा झालेल्या प्रत्येकास तीन प्रश्न विचारावेत. काम काय करतोस? सुट्टीत बरे वाटते का? बरोबरच्या आणखी कोणाला असा त्रास आहे का? उत्तर होकारार्थी आले, तर श्वासाचा जोर मोजणारी छोटी नळी रुग्णाच्या हाती द्यावी. दिवसातून चार वेळा, दोन ते चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकर मारून आकडे वहीत लिहिले की रोगाचा उगम कागदावर दिसू लागतो. जळगावात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. जिल्ह्यातील निदान आणि या संस्थांचे ज्ञान यांची सांगड घालणे अशक्य नाही.

शासनाने रोगांच्या यादीत व्यावसायिक दम्याला स्वतंत्र नाव द्यावे आणि तपासणीचे वय चाळिशीवर न ठेवता धुराच्या कामात पाऊल टाकल्याच्या दिवसापासून मोजावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार आणि सोनार यांच्यासह १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. त्या प्रशिक्षणात एक दिवस श्वासरक्षणासाठी राखून ठेवावा आणि अवजारांत धूर ओढणाऱ्या पंख्याची गणना व्हावी. तो पंखाही हातोड्याइतकेच अवजार आहे. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला सांधा सरळ कसा येईल हे शिकवतात. छाती शाबूत कशी राहील, हेही त्याच तासाला शिकवले पाहिजे.

समाजकार्यात असलेल्यांनी आरोग्य शिबिरांची पद्धत थोडी बदलावी. रक्तदाब आणि साखर तपासून शिबिर संपते. त्याबरोबर श्वासाचा जोरही मोजावा आणि शिबिर मंगल कार्यालयात न भरवता वेल्डिंगच्या आळीत, कारागिरांच्या वस्तीत, कामाची सुट्टी होण्याच्या वेळी भरवावे. घरोघरी संपर्क असणारा कार्यकर्ता ज्या घरात तरुण मुलाच्या खोकल्याचा आवाज ऐकतो, तेथे 'औषध घेतोस ना?' एवढे विचारून न थांबता 'काम कोठे करतोस?' हेही विचारू शकतो. रामाझिनींचा प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

ग्राहकांचाही यात वाटा आहे. कठडा घेताना स्टीलची प्रत आणि दर विचारला जातो. जोडकाम कसे होते, हे कोणी विचारत नाही. धूर कमी करणाऱ्या पद्धतीसाठी दर थोडा अधिक पडला, तर तो देण्याची तयारी मध्यमवर्गाने दाखवली पाहिजे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या समाजाला स्वदेशी माणसाच्या श्वासाची किंमत मोजणे जड जाऊ नये.

खंडेनवमीला दुकानोदुकानी यंत्रांना हळदकुंकू वाहिले जाते. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून भारतीय मजदूर संघ साजरी करतो. श्रमाला पूजेचे स्थान देणारी ही परंपरा अभिमानाची आहे. पण पूजेचा अर्थ यंत्राला फूल वाहून संपत नाही. त्या दोन दिवशी प्रत्येक दुकानात धूर बाहेर नेणारी वाट उघडी आहे का, पंखा चालतो का, नव्या मुलाची छाती तपासली का, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या, तरी कारागिरांच्या घरांतील पुष्कळशी जागरणे टळतील. लोखंड जोडणारा माणूस आतून तुटत असेल, तर त्या जोडकामाला मजबूत म्हणता येणार नाही.